रणांगण आणि रसद



आजचा आपला विषय आहे दुसऱ्या महायुद्धातील निर्णायक लढाया: जमिनीवरच्या आणि समुद्रावरच्याही. विषय ऐकून कुणी म्हणेल, "या लढाया झाल्या आफ्रिकेत, रशियात, नाहीतर अटलांटिक महासागरात. त्यांचं आम्हा पैठण-गंगापूरकडच्या माणसांना काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शेवटी आपोआप मिळेल. पण आधी दुसरा एक प्रश्न सोडवू. लढाई निर्णायक ठरते म्हणजे काय होते?

पुष्कळांची समजूत अशी की, जिथे जास्त माणसे पडली ती लढाई मोठी, आणि ज्याच्या तोफा अधिक तो जिंकला. ही समजूत पुरी खरी नव्हे. याचा दाखला शोधायला परदेशात जाण्याचीही गरज नाही. आपल्याच जिल्ह्यात, वैजापूर तालुक्यात पालखेड आहे. १७२८ च्या फेब्रुवारीअखेर तिथे थोरल्या बाजीरावाने निजाम-उल्-मुल्काला कोंडीत धरले. निजामाची फौज मोठी होती आणि तोफखानाही जबर होता. पण बाजीराव तोफांच्या तोंडी गेलाच नाही. त्याने आपले घोडदळ खानदेश-गुजरातकडून फिरवले, निजामाला मागे मागे धावायला लावले, आणि शेवटी जिथे पाण्याची टंचाई तिथे त्याला गाठले. दाणागोटा बंद, वैरण बंद, पाणी बंद. मोठी हातघाई न होताच निजाम तहाला आला. तो तह झाला पैठणजवळच्या मुंगी-शेवगावला, मार्च १७२८ मध्ये.

ज्या इंग्रज सेनापतीने पुढे १९४२ साली आफ्रिकेत अल् अलामेनची लढाई जिंकली, त्या माँटगोमेरी यांनी १९६८ साली युद्धांचा इतिहास लिहिला, आणि त्यात पालखेडच्या या मोहिमेची वाखाणणी केली. अलामेन जिंकणाऱ्या माणसाला पालखेड का आवडावे? कारण दोन्हीकडे वर्म एकच होते, ते म्हणजे रसद. आपली रसद चालू ठेवणे आणि शत्रूची तोडणे.

रसद म्हणजे काय, हे चितेगावच्या माणसाला समजावून सांगायला नको. गाव शहर आणि पैठण यांच्या रस्त्यावर आहे. मालमोटारी याच रस्त्याने जातात. छत्रपती संभाजीनगर शहराचे पिण्याचे पाणीदेखील जायकवाडीहून याच बाजूने येते. आता समजा, कुणी शहरावर चालून न जाता नुसता हा रस्ता आणि ही जलवाहिनी धरून बसला, तर शहराची तटबंदी कितीही मजबूत असो, चार दिवसांत काय हाल होतील? महायुद्धात हेच घडले. फक्त रस्ता हजारो कोसांचा होता, आणि त्यातला बराचसा पाण्यावरून जात होता.

पहिली लढाई घेऊ केरेनची. आफ्रिकेत तांबड्या समुद्राच्या काठी इरिट्रिया नावाचा मुलूख आहे. १९४१ साली तो इटलीच्या ताब्यात होता. मसावा हे तिथले बंदर. त्या बंदरातल्या इटालियन जहाजांमुळे तांबड्या समुद्रातली वाट धोक्याची झाली होती. आणि इजिप्तमधल्या फौजेला हिंदुस्थानातून, ऑस्ट्रेलियातून काही पोचवायचे तर तीच वाट. मसावाकडे जाणारा मार्ग केरेनच्या डोंगरातून होता. एकच अरुंद खिंड, दोन्ही बाजूंना उभे कडे, कड्यांवर शत्रूच्या तोफा. खिंडीतला रस्ता शत्रूने सुरुंग लावून उडवून दिलेला.

या कड्यांवर जे चढले त्यांत हिंदी सैन्याच्या चौथ्या आणि पाचव्या डिव्हिजनी होत्या, आणि त्यांत आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान होते. सह्याद्रीच्या कुशीतली पोरे ती. डोंगर चढणे त्यांना नवे नव्हते. पण खांद्यावर दारूगोळा, पाण्याची तूट आणि वरून गोळ्यांचा पाऊस, अशी चढण कुणाच्याच सवयीची नसते. फेब्रुवारीत सुरू झालेली ही लढाई २७ मार्च १९४१ ला संपली. ब्रिटिश-हिंदी बाजूचे पाचशेहून अधिक ठार आणि तीन हजारांवर जखमी झाले. आठ एप्रिलला मसावा पडले.

आता पुढचे पाहा. त्याच एप्रिल महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जाहीर केले की, तांबडा समुद्र आता युद्धक्षेत्र राहिलेला नाही. अमेरिका तेव्हा युद्धात उतरली नव्हती. तिच्या कायद्याने तिच्या जहाजांना युद्धक्षेत्रात जायला बंदी होती. ती बंदी इथपुरती उठली, आणि अमेरिकन जहाजे माल भरून थेट सुएझपर्यंत येऊ लागली. म्हणजे लढाई झाली डोंगरावर, आणि मोकळी झाली समुद्राची वाट! जमिनीची लढाई वेगळी, समुद्राची वेगळी, असे आपण शाळेत शिकतो. खरे पाहता ती एकाच दोरीची दोन टोके असतात.

त्याच वर्षाची आणखी एक गोष्ट. पुण्याजवळच्या खडकीचे बॉम्बे सॅपर्स रस्ते बांधणारे आणि सुरुंग काढणारे. त्यांच्यातले सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत शत्रूचा पाठलाग करणाऱ्या तुकडीच्या सर्वांत पुढच्या गाडीत बसले. चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवर त्यांनी सुरुंगांची १५ क्षेत्रे शोधून मोकळी करून घेतली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचे मुख्य काम शत्रूला मारण्याचे नव्हते. मागच्यांसाठी वाट साफ करण्याचे होते. ते काम नसते, तर मागची फौज जागच्या जागी अडून राहिली असती.

आता येऊ अलामेनकडे. जर्मन सेनापती रोमेल मोठा हिकमती. २१ जून १९४२ ला त्याने तोब्रुक बंदर घेतले. सुमारे ३३ हजार माणसे त्याच्या हाती लागली. त्यांत आपल्या मराठ्यांची एक पूर्ण पलटण, दुसरी, कैद झाली. केरेनच्या विजयाची आठवण ठेवताना तोब्रुकचा हा घावही लपवू नये. रोमेल तिथून थेट अलेक्झांड्रियाच्या अलीकडे, अलामेनपर्यंत येऊन थडकला. आणि तिथेच रुतला. का? तर त्याच्या रणगाड्यांना तेल पाहिजे होते. ते यायचे इटलीहून समुद्रमार्गे, आणि त्या मार्गात मध्येच माल्टा नावाचे एक चिमुकले बेट इंग्रजांनी धरून ठेवले होते.

माल्टा म्हणजे जणू भर रस्त्यातला नाका. त्या नाक्यावरची विमाने आणि पाणबुड्या रोमेलची जहाजे बुडवीत. म्हणून जर्मनांनी माल्टाला उपाशी मारण्याचा चंग बांधला. ऑगस्ट १९४२ मध्ये इंग्रजांनी १४ मालवाहू जहाजांचा तांडा माल्टाकडे धाडला. तांडा हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पूर्वी दख्खनेत फौजांना धान्य पुरवायचे ते लमाणांचे तांडे, हजारो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. तोच प्रकार इथे जहाजांचा. १४ पैकी ५ जहाजे पोचली. त्यांतले 'ओहायो' हे तेलवाहू जहाज तर निम्मेअधिक पाण्याखाली गेलेले. दोन्ही अंगांना लढाऊ नौका बांधून त्याला ओढीत १५ ऑगस्टला बंदरात आणले. त्या तेलावर माल्टा तगले.

दोन महिन्यांनी, २३ ऑक्टोबरला, अलामेनची लढाई सुरू झाली. इंग्रजांकडे अमेरिकेने पाठवलेले नवे शेर्मन रणगाडे होते. ते आफ्रिकेला वळसा घालून, तांबड्या समुद्रातून सुएझला उतरले होते. कोणता तो तांबडा समुद्र? केरेनच्या कड्यावर आपल्या पोरांनी रक्त सांडून मोकळा केला तोच! आणि रोमेलकडे? २६ ऑक्टोबरला त्याचे 'प्रोसर्पिना' हे तेलाचे जहाज बुडाले, २८ ला 'लुइझियानो' बुडाले. चार नोव्हेंबरला तो माघारी वळला. रणगाड्यात माणूस शूर असेल, पण टाकी कोरडी असेल तर तो करणार काय? मोट ओढणारा बैल कितीही गुणाचा असो, विहिरीतच पाणी नसले तर पाटाला काय येणार?

इथे मराठवाड्याचा एक धागा सांगतो. त्या भूमध्य समुद्रात 'निझाम' नावाची एक विनाशिका झुंजत होती. खलाशी ऑस्ट्रेलियाचे, नाव मात्र हैदराबादच्या निझामाचे, कारण तिच्यासाठी त्याने पैसा दिला होता. वेढलेल्या तोब्रुकला माणसे आणि माल पोचवणे आणि माल्टाच्या तांड्याला सोबत करणे, ही कामे तिने केली. २ सप्टेंबर १९४५ ला जपानने टोकियोच्या उपसागरात शरणागती लिहून दिली, तेव्हा ही नौका तिथे हजर होती. निझामाची दौलत आली कुठून? आपल्या वाडवडिलांनी भरलेल्या शेतसाऱ्यातून. पैठणच्या, गंगापूरच्या, अंबडच्या कुणब्याने ज्वारी-कपाशी विकून सारा भरला. त्यातली काही कवडी समुद्रात लढायला गेली असेल, याची त्याला वार्ताही नव्हती. त्याला कुणी विचारलेही नव्हते.

उत्तरेकडे अटलांटिक महासागरात तर पाच-सहा वर्षे हीच झुंज चालली होती. इंग्लंड हे बेट. धान्य, तेल, लोखंड सारे बाहेरून येणार. जर्मन पाणबुड्या टोळीटोळीने त्या तांड्यांवर तुटून पडत. या व्यापारी जहाजांच्या भट्ट्यांपुढे हजारो हिंदी खलाशी घाम गाळीत होते, आणि त्यांत कोकणचे आणि गोव्याचेही दर्यावर्दी होते. हातात बंदूक नाही, अंगावर गणवेश नाही, आणि पाणबुडीचा घाव बसला की बर्फासारख्या पाण्यात जलसमाधी. मे १९४३ मध्ये पारडे फिरले. त्या एका महिन्यात ४१ जर्मन पाणबुड्या बुडाल्या, आणि जर्मन नौदलप्रमुख डोनिट्झ याने उरलेल्या मागे घेतल्या. अटलांटिकची वाट निर्धोक झाली नसती, तर जून १९४४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्याच नसत्या.

पूर्वेकडच्या महासागरात जून १९४२ मध्ये मिडवे बेटाजवळ जपानने आपली चार मोठी विमानवाहू जहाजे गमावली. अमेरिकेचे एक बुडाले. दोन्ही आरमारांची जहाजे एकमेकांच्या दृष्टीसही पडली नाहीत. सारी झुंज विमानांची. त्यानंतर जपानचा दूरवर पोचणारा हात आखडला. आपल्या हिंदी आरमाराचीही एक झुंज त्याच वर्षाची आहे. ११ नोव्हेंबर १९४२ ला हिंदी महासागरात 'बेंगाल' ही लहानशी सुरुंग काढणारी नौका 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाला सोबत करीत होती. समोरून दहा-दहा हजार टनांची दोन जपानी लढाऊ जहाजे आली. 'बेंगाल' पळाली नाही. तिने आणि 'ओंडिना'ने मिळून त्यांतले एक बुडवले, आणि तेलाचे जहाज वाचले.

रशियात स्टालिनग्राडला जर्मनांची सहावी फौज नोव्हेंबर १९४२ मध्ये वेढली गेली. विमानांनी माल पोचवू, अशी बढाई जर्मन हवाईदलाने मारली. रोजची गरज निदान तीनशे टनांची, आणि पोचत होते सरासरी शंभराच्या आसपास. कडाक्याची थंडी, त्यात घोडे मारून खाण्याची वेळ. २ फेब्रुवारी १९४३ ला शेवटच्यांनी शस्त्रे खाली ठेवली. सुमारे ९१ हजार माणसे कैद झाली.

आणि आता आपल्या दारातली लढाई, इम्फाळ-कोहिमाची. मार्च १९४४ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशातून मणिपुरात घुसल्या. त्यांनी जवळ शिधा घेतला होता सुमारे तीन आठवड्यांचा. बरोबर गुरे हाकत आणली होती. ओझी वाहायची आणि मग कापून खायची, असा बेत. त्यातली पुष्कळ गुरे चिंदविन नदी उतरताना आणि डोंगर चढताना गेली. बैलाकडून काय काम होईल आणि काय होणार नाही, हे आपल्या शेतकऱ्याने त्या सेनापतीला घटकाभरात सांगितले असते! पुढचे धान्य इम्फाळची कोठारे लुटून मिळवू, हा त्यांचा हिशेब होता.

तो हिशेब चुकवणाऱ्यांत मराठे होते. वाटेवर सांगशाक नावाचे खेडे लागते. तिथे छत्रीधारी सैनिकांच्या ब्रिगेडबरोबर चौथी मराठा पलटण उभी राहिली. जागा खडकाळ, खंदक खणता येईना, आणि पाणी नाही. विमानातून टाकलेला माल बराचसा शत्रूच्या हद्दीत पडे. पालखेडला जी दशा निजामाची झाली, ती इथे आपल्या पोरांची. तरीही २६ मार्चच्या रात्रीपर्यंत त्यांनी वाट रोखून धरली आणि मग हुकमाने माघार घेतली. ती लढाई त्यांनी जिंकली नाही. पण शिध्याचे तीन आठवडे घेऊन निघालेल्या शत्रूचे मोलाचे दिवस तिथे खर्ची पडले, आणि तेवढ्यात कोहिमाला कुमक पोचू शकली. इम्फाळमध्ये अडकलेल्या सुमारे दीड लाख माणसांना विमानांनी रसद पुरवली. जपान्यांना ती कुणी पुरवली नाही. जुलैत ते मागे फिरले. त्यांची हानी पन्नास हजारांवर गेली, आणि मेलेल्यांत भुकेने आणि रोगाने मेलेले फार होते. २०१३ साली इंग्लंडातल्या राष्ट्रीय सैन्य संग्रहालयाने मतदान घेतले, तेव्हा ब्रिटनची सर्वांत मोठी लढाई म्हणून इम्फाळ-कोहिमाचीच निवड झाली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या रणांगणावर पलीकडच्या बाजूलाही आपली माणसे होती. नेताजींच्या आझाद हिंद सेनेने १४ एप्रिल १९४४ ला मणिपुरातल्या मोइरांगला तिरंगा फडकवला. एकीकडे इंग्रजी हुकमाखाली लढणारा हिंदी जवान, दुसरीकडे स्वातंत्र्यासाठी शस्त्र उचललेला हिंदी जवान. मुलांना इतिहास सांगताना गुरुजींनी दोन्ही सांगावे. एकाला मोठे करण्यासाठी दुसऱ्याला पुसू नये.

आणि रसदेची दुसरी बाजूही सांगावी. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ यायचा थांबला. बंगालमध्ये शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारने होड्या काढून घेतल्या, जादा तांदूळ उचलला. वादळाने पीक गेले, साठेबाजी वाढली, भाव आभाळाला भिडले. फौजेला धान्य पोचत होते, शेतमजुराला मिळत नव्हते. १९४३ च्या त्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे गेली असे मानले जाते. सबंध महायुद्धात हिंदी सैन्याचे सुमारे ८७ हजार जवान कामी आले. दोन्ही आकडे शेजारी मांडून पाहा. युद्धात भूक ही सुद्धा एक तोफ असते, आणि ती पहिल्यांदा गरिबावर डागली जाते.

म्हणून शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. महायुद्ध शिकवताना नुसत्या सनावळ्या पाठ करून घेऊ नका. फळ्यावर नकाशा काढा आणि त्यावर वाटा आखा: तेल कुठून आले, गहू कुठून आला, वाट कुठे अरुंद झाली. मसावा, माल्टा, कोहिमा ही ठिकाणे मग मुले आपोआप हुडकतील. वीरांची नावेही जरूर सांगा. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे इटलीत १० जुलै १९४४ ला एकटे शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले, ती काबीज केली आणि तिथेच पडले. वय अवघे बावीस. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव हे कंपनीचे निरोप्ये. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीच्या काठी त्यांनी सुरुंगांच्या पट्ट्यातून जखमी साथीदारांना उचलून आणले, मग मशीनगनचे ठाणे मोडून काढले आणि बांधावर उभे राहून साऱ्या कंपनीला पलीकडे बोलावले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

पण एवढ्यावर थांबू नका. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाच्या वेळचे संगमरवरी फलक आहेत. या गावातून इतके लोक लढाईवर गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढेच त्यावर कोरलेले. आकडा आहे, नाव नाही. दुसऱ्या युद्धातल्या खलाशाचा, खेचरवाल्याचा, रस्ता करणाऱ्याचा, सारा भरणाऱ्याचा तर आकडाही कुठे कोरलेला नाही. ज्यांच्या जिवावर लढाया ठरल्या, त्यांतले पुष्कळ असे बिननावाचे राहिले. आपल्या गावात अशा कुणाची आठवण म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली असेल, एखादे पदक, एखादे पोस्टकार्ड पेटीत पडून असेल, तर मुलांकरवी ते लिहून घ्या. शाळेच्या वहीत नाव, गाव, पलटण, साल एवढे जरी उतरले, तरी पुष्कळ झाले.

सुरुवातीला विचारले होते, त्या लढायांचे आम्हाला काय? मंडळी, त्या लढाया ठरल्या धान्यावर, पाण्यावर, वाटेवर आणि ती वाट राखणाऱ्या माणसांवर. धान्य, पाणी आणि वाट यांची किंमत आपल्याइतकी कुणाला ठाऊक आहे?